हिलमनची टकटक

टकटक लीलाबाईंनी पहिल्यांदा ऐकली ती इस्पितळातून परत येताना, रेल्वेच्या फाटकाशी. फाटक बंद होतं. पलीकडून मालगाडी रेंगाळत चालली होती. मोटारीचं इंजिन बंद करावं तर पुन्हा सुरू होईल की नाही याची खात्री नव्हती, म्हणून त्यांनी ते चालूच ठेवलं होतं. तेवढ्यात बॉनेटखालून आवाज आला. बंद दारावर कुणी बोटाच्या पेरानं वाजवावं तसा. टक, टक, टक. अगदी लय धरून.

त्यांनी शेजारी पाहिलं. विद्याधरपंत नेहमीसारखे समोर बघत बसले होते. उजवा हात लीलाबाईंनी ठेवला होता तसाच मांडीवर पडलेला, ओठाचा उजवा कोपरा किंचित ओघळलेला. लीलाबाईंनी अ‍ॅक्सिलरेटरवर पाय हलकेच दाबला. इंजिनानं वेग घेतला आणि टकटक नाहीशी झाली. पाय उचलला, पुन्हा सुरू.

आता हे आणखी, असं त्यांच्या मनात आलं. राग वगैरे आला नाही. राग यायलाही अंगात थोडी ताकद लागते.

विद्याधरपंत झाशीच्या इंजिन-शेडचे मेल ड्रायव्हर. झाशी ते इटारसी हा रूळ त्यांना घरच्या जिन्यासारखा ठाऊक होता. बोलणं मोठं, हसणं मोठं, आणि रजेच्या दिवशीही हात काळे. ही हिलमन मोटार त्यांनी ऑस्ट्रेलियाला निघालेल्या एका अँग्लो-इंडियन गार्डाकडून घेतली होती. तेव्हाच ती जुनी होती. "इंजिन छोटं असलं तरी इंजिनच आहे," असं म्हणत ते रविवारी तिच्याखाली पडून राहत. बायकोला मोटार शिकवायची हीही त्यांचीच हौस. छावणीतल्या निवांत रस्त्यांवर, दोन्ही बाजूंच्या कडुलिंबांखालून ते तिच्याकडून गाडी चालवून घेत. लीलाबाई बड्या बाजारातल्या जुन्या पुजारी घराण्यातल्या. त्यांच्या माहेरी हे कळलं तेव्हा आई आठवडाभर बोलली नव्हती.

रिटायर व्हायला थोडं राहिलं होतं आणि पंतांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. वाचा म्हणजे दोन शब्द सोडून सगळी. ते दोन शब्द का उरले हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. 'बरं का.' चहा हवा, बरं का. नको, बरं का. पाय आखडला, बरं का. रागावले की तेच, रडू आलं की तेच. रेल्वेचं क्वार्टर सोडून दोघं नगरा वस्तीत भाड्याच्या घरात आली. मुलगा मधु नागपूरला नोकरीला, तो दिवाळीला येऊन जाई. बाकी सगळं लीलाबाईंच्या अंगावर पडलं: उठवणं, बसवणं, भरवणं, आणि मंगळवार-शुक्रवार सिव्हिल लाइन्सच्या इस्पितळात व्यायामासाठी नेणं. टांग्यात पंतांना चढवता येत नसे. म्हणून हौसेखातर शिकलेली मोटार कामाला आली. लोक वळून बघत. पहिला महिना लीलाबाईंना लाज वाटली. मग लाजेलाही वेळ उरला नाही.

त्या दिवशी त्यांनी पंतांना काही सांगितलं नाही. सांगून काय, असं त्यांना वाटे. पंतांना कितपत समजतं कोण जाणे. डॉक्टर त्यांच्या डोक्यावरून लीलाबाईंनाच विचारत, "खाना ठीक से खाते हैं? नींद आती है?" लीलाबाईही तशाच उत्तर देत. हळूहळू घरात येणारा जाणारा प्रत्येकजण पंतांबद्दल पंतांसमोरच बोलू लागला होता, पाऊस-पाण्याबद्दल बोलावं तसं.

शुक्रवारी टकटक वाढली. परतीच्या वाटेवर लीलाबाईंनी गाडी सीपरी बाजारात हरप्रसाद मिस्त्रीच्या दुकानापुढे लावली. तीन ट्रक उघडे पडले होते आणि हरप्रसाद त्यातल्या एकाच्या पोटात होता. तो बाहेर आला, हात पुसत उभा राहिला, कान तिरका केला.

"बहनजी, बेअरिंग गया," तो म्हणाला. "इंजन खोलना पड़ेगा. नीचे से पूरा."

"किती दिवस... कितने दिन लगेंगे?"

"माल झाँसी में मिलेगा नहीं. कानपुर से आएगा. महीना तो लगा ही समझो. और तब तक चलाना मत, कहीं रॉड टूट गई तो इंजन ही गया."

लीलाबाईंनी मान डोलावली. महिनाभर इस्पितळ नाही, म्हणजे पंतांचा जो पाय आता कुठे जमिनीला लागू लागला होता तो पुन्हा आखडणार. त्यांना रस्त्यातच स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपावंसं वाटलं. मागून एका टांगेवाल्यानं आवाज दिला, म्हणून त्यांनी गियर टाकला.

घराच्या अंगणात गाडी थांबली. इंजिन बंद करायला त्यांनी किल्लीला हात घातला, तोच पंतांचा डावा हात त्यांच्या मनगटावर आला.

"बरं का."

"काय हवंय? पाणी?"

पंतांनी नकारार्थी मान हलवली. हात उचलून समोरच्या पत्र्यावर ठेवला आणि एका बोटानं वाजवायला सुरुवात केली. टक, टक, टक. बॉनेटखालच्या आवाजाबरोबर, एकही ठोका न चुकवता.

लीलाबाईंनी किल्लीवरचा हात काढला.

"तुम्हाला ऐकू येतंय?"

पंतांनी असं पाहिलं, की शेडमधल्या एखाद्या नवख्यानं वेडगळ प्रश्न विचारला असता तर त्यांनी असंच पाहिलं असतं.

"तो बेअरिंग म्हणाला. इंजिन उघडायला पाहिजे."

"बरं का," पंत म्हणाले, आणि त्या दोन शब्दांत एवढा तिरस्कार होता, की लीलाबाईंना पुष्कळ दिवसांनी हसू आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पंतांना अंगणात आणलं. गाडीपुढे खुर्ची टाकून त्यात बसवलं, बॉनेट उघडलं, इंजिन सुरू केलं. थंड इंजिन मुकाट होतं. गरम झाल्यावर टकटक सुरू झाली. पंतांनी हत्यारांच्या पेटीकडे बोट केलं. लीलाबाई एकेक वस्तू वर काढून दाखवत गेल्या. पाना, नाही. पक्कड, नाही. लांब दांड्याचा स्क्रू-ड्रायव्हर, हो. पंतांनी तो हातात घेऊन मूठ आपल्या कानाला लावली आणि टोक हवेत इंजिनाकडे धरलं. मग परत लीलाबाईंच्या हाती दिला.

"मी ऐकू?"

"बरं का."

लीलाबाईंनी पदर खोचला, वाकून टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. त्या दचकल्याच. बाहेरून एकच आवाज वाटत होता, आत गावची जत्रा भरली होती. पंतांनी भुवया उंचावल्या. काय ऐकू येतंय?

आणि इथेच अडलं. लीलाबाईंना बोलता येत होतं, पण आवाजाला नाव काय द्यायचं ते कळेना.

"घरघर आहे," त्या म्हणाल्या. "आणि आत... जात्यासारखं काही."

पंतांनी हात झटकला. पुढे.

"इथे शिट्टीसारखं. बारीक. कुकर नव्हे, किटलीतून वाफ निघते ना तसं."

पुढे.

"इथे टकटक आहे. पण लांबून. शेजारच्या घरात कुणी सुपारी फोडावी तशी."

पंत पुढे सरकले. डाव्या हातानं खाली, आणखी खाली असं दाखवू लागले. लीलाबाईंनी टोक खाली नेलं. तिथे बोट पोचत नव्हतं. धुरानं डोळे चुरचुरत होते. त्यांनी एक ठिकाण धरलं, पंतांनी मान हलवली. दुसरं धरलं, पुन्हा नाही. "बरं का, बरं का," पंतांचा आवाज चढला, बोट एकीकडे आणि नजर दुसरीकडे. गरम नळीला मनगट लागून लीलाबाईंना चटका बसला, तेव्हा त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर पेटीत फेकला.

"मला नाही समजत," त्या म्हणाल्या. "मी काय फिटर आहे? सकाळी उठल्यापासून तुमचं करते, स्वयंपाक करते, मोटार हाकते, आता मोटारीच्या पोटातही शिरू? नसेल होत तर नसेल होत. राहू दे ती इथेच गंजत."

त्या पायरीवर जाऊन बसल्या. इंजिन तसंच चालू होतं, पेट्रोल जळत होतं आणि त्यांना त्याचंही काही वाटत नव्हतं. मनगट फुंकत त्या जमिनीकडे बघत राहिल्या.

थोड्या वेळानं खुर्ची करकरली. त्यांनी वर पाहिलं. पंत उठत होते. डावा हात मडगार्डवर, सगळा भार डाव्या पायावर, उजवा पाय मागून ओढलेला. इस्पितळात दोन माणसं धरत तेव्हा कुठे ते उभे राहत. लीलाबाई धावल्या, पण त्यांनी खांद्यानंच बाजूला सारलं. हेडलाइटला कंबर टेकवून ते इंजिनावर वाकले आणि डोळे मिटून नुसतं ऐकत राहिले. कपाळावर घाम होता. मग डोळे उघडून त्यांनी प्लगांवर जाणाऱ्या चार वायरींकडे बोट केलं आणि चिमटीनं फूल खुडल्याची खूण केली.

"ओढू? चालू इंजिनात? शॉक बसेल."

पंतांनी लीलाबाईंच्या खांद्यावरचा कोरडा टॉवेल दाखवला.

लीलाबाईंनी टॉवेलाची जाड घडी करून पहिली वायर उपटली. इंजिन लंगडू लागलं, पण टकटक तशीच. पंतांनी परत लावायची खूण केली. दुसरी. तिसरी. चौथी. प्रत्येक वेळी गाडी थरथरली, आणि प्रत्येक वेळी टकटक होती तशीच राहिली, ना कमी ना जास्त. चौथी वायर परत बसवल्यावर पंतांनी लीलाबाईंकडे पाहिलं, तोंडाच्या चांगल्या बाजूनं हसले आणि म्हणाले, "बरं का."

एवढी वर्षं जेवताना पंतांच्या तोंडून कानांवरून गेलेलं लीलाबाईंना आठवलं. बेअरिंग असेल तर प्लगची वायर काढून त्याच्यावरचा भार काढला की ठोका बदलतो. भार काढून बदलत नाही, म्हणजे ठोका तिथला नाही.

"बेअरिंग नाही," त्या म्हणाल्या.

पंतांनी इंजिन बंद करायला लावलं. मग रेडिएटरमागे, पंख्याच्या पट्ट्याखालच्या चाकाकडे त्यांचं बोट गेलं. मिस्त्री लोक त्याला पुली म्हणतात. धरून हलव, अशी खूण त्यांनी केली. लीलाबाईंनी टॉवेलानं पुली धरून हलवली. ती हलली. सैल झालेल्या दातासारखी, बारीकशी, पण हलली. टक.

पंतांना खुर्चीत बसवेपर्यंत दोघांनाही धाप लागली होती. लीलाबाईंनी घमेल्यात कोमट पाणी आणलं आणि साबण लावून त्यांचा डावा हात धुवायला घेतला. नखांत काळं गेलं होतं. पूर्वी रोज असायचं तसं. त्यांना बरं वाटत होतं, म्हणजे हलकं, घरात कुणाचा तरी ताप उतरल्यावर वाटतं तसं. यांना सगळं ऐकू येतं. यांना सगळं समजतं. मी जात्यासारखं म्हटलं तेही समजलं.

बोटं पुसता पुसता त्यांचा हात थांबला.

सगळं समजतं, म्हणजे सगळंच समजतं. डॉक्टर डोक्यावरून बोलत होते तेही. मधु व्हरांड्यात हळू आवाजात आईला म्हणत होता, की असं किती वर्षं चालेल, तेही. आणि त्या उन्हाळ्यात शेजारच्या राधाबाई गवार मोडायला येऊन बसल्या होत्या, पंत दोन हातांच्या अंतरावर बाजेवर पडलेले होते, तेव्हाचं. राधाबाईंनी सहज विचारलं होतं, "कशा आहात?" आणि लीलाबाईंनी, गवारीची शेंग मोडत, अगदी साध्या आवाजात उत्तर दिलं होतं, "त्या दिवशीच सगळं आटोपलं असतं तर तेही सुटले असते आणि मीही."

पाणी गार झालं. लीलाबाईंनी टॉवेल मांडीवर ठेवला.

"अहो," त्या म्हणाल्या, "उन्हाळ्यात मी राधाबाईंशी काही बोलले होते. तुम्ही बाजेवर होतात."

पंत त्यांच्याकडे बघत होते. नजर चुकवली नाही त्यांनी.

"ऐकलं होतंत?"

मग पंतांनी मान हलवली. हो.

माफ करा म्हणायचं तर ते खोटं झालं असतं, कारण त्या दिवशी त्यांना खरंच तसं वाटलं होतं. नंतरही कधीकधी वाटलं होतं, पहाटे उठवत नसे तेव्हा.

पंतांनी धुतलेला हात उचलला. आधी लीलाबाईंकडे बोट केलं. मग स्वतःच्या छातीवर ठेवलं. मग दोन बोटं शेजारी शेजारी जुळवून धरली. लीलाबाईंना कळलं नाही. त्यांनी पुन्हा तेच केलं, सावकाश, हट्टानं.

"तुम्हालाही?" लीलाबाईंनी विचारलं. "तुम्हालाही तसंच वाटायचं?"

"बरं का," पंत म्हणाले. इतक्या खालच्या आवाजात त्यांनी ते कधी म्हटलं नव्हतं.

रस्त्यानं कुणी सायकलवरून गेलं. शेडकडून इंजिनानं वाफ सोडल्याचा आवाज आला. लीलाबाईंनी पदरानं डोळे पुसले, पंतांचेही पुसले, आणि घमेलं उचलून चहा टाकायला आत गेल्या. चहात साखर किती, हे त्यांनी स्वयंपाकघरातून ओरडून विचारलं. इस्पितळानं कमी साखर सांगितल्यापासून त्या न विचारता अर्धा चमचा घालत. बाहेरून वरच्या पट्टीत "बरं का" आलं. लीलाबाईंनी एक चमचा घातला, थोडा थांबून आणखी अर्धा.

सोमवारी हरप्रसाद मिस्त्री घरी आला. लीलाबाईंनी त्याला पुली दाखवली. त्यानं हलवून पाहिली, मग वायरी काढून पाहिल्या, स्वतःचीही खात्री करून घेतली.

"पुली ही है," तो म्हणाला. "आवाज बिलकुल बेअरिंग जैसी करती है, धोखा हो जाता है. उस दिन खड़े-खड़े सुना था, ट्रकवाले सिर पर थे. किसने पकड़ी?"

"इन्होंने," लीलाबाई म्हणाल्या.

हरप्रसादनं पंतांना नमस्कार केला आणि पुढचं सगळं तो त्यांच्याशी बोलला. नट सैल झाला होता, पुलीला जागेवर धरणारी लोखंडी चावी झिजली होती. नवी चावी तो घासून बनवणार होता. पंत मधूनमधून "बरं का" म्हणत होते आणि मिस्त्री "जी साहब, वही कर रहा हूँ" असं उत्तर देत होता. काम अंगणातच संध्याकाळपर्यंत आटोपलं.

मंगळवारी इस्पितळात डॉक्टरांनी पंतांचा पाय वाकवून पाहिला आणि नेहमीसारखं लीलाबाईंकडे बघून बोलायला लागले. जेवढं व्हायचं तेवढं झालंय. आता इथे येऊन फार फरक पडणार नाही, घरीच थोडं चालवत जा. तरी यायचंच असेल तर...

"डॉक्टरसाहब," लीलाबाई म्हणाल्या, "ये इन्हीं से कहिए. ये सब समझते हैं."

डॉक्टर तरुण होते. ते जरा गोंधळले. मग स्टूल ओढून पंतांसमोर बसले आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी सावकाश आणि जरा वेगळ्या शब्दांत. लीलाबाईंनी पाहिलं, समोरासमोर सांगताना त्यांनाही ते जड जात होतं. शेवटी त्यांनी विचारलं, "आप आना चाहेंगे?"

पंतांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग मान हलवली. नाही.

परत येताना लीलाबाईंनी गाडी सावकाश हाकली. दीड वर्ष दर मंगळवार-शुक्रवारी याच रस्त्यानं येत होत्या, कशासाठी तरी. आता ते कशासाठी तरीही गेलं. बरं होणार नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि समोर स्टूल ओढून कुणी सांगणं वेगळं. अंग दुखत होतं. वाकून वाकून कंबर धरली होती. गाडी मात्र मुकाट चालली होती.

सीपरी बाजारात भाजीवालीपाशी त्यांनी गाडी थांबवली. खाली न उतरताच खिडकीतून भाजी घ्यायची सवय झाली होती. भाजीवालीनं न विचारताच एक कोवळा दुधी पुढे केला, नेहमीसारखा. पचायला हलका, चावायला नको, म्हणून लीलाबाई आठवड्यातून तीनदा दुधीच करत.

त्यांनी तो घेतला आणि पैसे काढता काढता थांबल्या.

"अहो, आज काय करू?"

पंतांनी दुधीकडे पाहिलं. असं काही पाहिलं, की भाजीवालीसुद्धा हसली. मग डावा हात खिडकीबाहेर काढून त्यांनी कोपऱ्यातल्या टोपलीकडे बोट केलं.

"वांगी? मसाल्याची? तोंड आलं तर?"

"बरं का," पंत ठामपणे म्हणाले.

लीलाबाईंनी दुधी परत दिला आणि पाव किलो वांगी मापून घेतली.